चॅरिटी बॉलच्या रात्री इंटर्नने कुठे उभं राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळची कोल्हापूरची, सध्या लंडनमध्ये इव्हेंट मॅनेजमेंटचं एम.ए. करणारी एक मुलगी एका चॅरिटीच्या इव्हेंट्स टीममध्ये इंटर्न म्हणून लागली आहे. पुढच्या महिन्यात त्यांचा वार्षिक बॉल आहे. मोठं हॉटेल, ब्लॅक टाय (म्हणजे औपचारिक पोशाख), जेवण, लिलाव, मग नाच. टीमने सांगितलंय, “त्या रात्री तू व्हॉलंटियर म्हणून ये.” तिला विचारायचंय की पैसे न घेता जावं का, पाहुण्यांशी ओळखी कशा वाढवाव्यात, पैठणी नेसली तर चालेल का, आणि एका रात्रीच्या या कामाचा सीव्हीत खरंच काही उपयोग होतो का.

मी लंडनमध्ये बरीच वर्षं चॅरिटींसाठी निधी उभारणीचे कार्यक्रम करते आणि दर हंगामात माझ्या हाताखाली तुमच्यासारखी मुलं-मुली असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या चार प्रश्नांखाली मला दोनच प्रश्न दिसतात. त्या रात्री तुम्ही नेमक्या कोण असणार, इंटर्न की स्वयंसेवक? आणि चार-पाचशे माणसांच्या त्या हॉलमध्ये तुम्ही कुठे उभं राहायचं? या दोन्हींची उत्तरं नीट मिळाली की ओळखी, कपडे, सीव्ही हे सगळं त्यांच्या मागोमाग येतं.

पहिला प्रश्न कायद्याचा आहे, म्हणून तो आधी. तुम्ही स्टुडंट व्हिसावर आहात असं धरते. पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणासाठी आलेल्यांना टर्म चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. या २० तासांत बिनपगारी कामही धरलं जातं. त्यामुळे ‘पैसेच घेत नाही, मग तास कशाला मोजायचे’ असं धरून चालू नका. कुठलाही करार नाही, ठरलेले तास भरायचं बंधन नाही, फक्त प्रवास आणि जेवणाचा खर्च मिळतो आणि काम चॅरिटीसाठी आहे, तर ती स्वयंसेवा. ती २० तासांत येत नाही. पण अमुक वेळेला यायचंच, अमुक जबाबदारी पार पाडायचीच, असं बंधन तोंडीसुद्धा घातलेलं असेल तर ते बिनपगारी काम ठरू शकतं आणि त्याचे तास मोजले जातात. बॉलच्या दिवशी दुपारी दोनला सुरू होणारी ड्यूटी रात्री एकला संपते. म्हणजे अकरा तास. त्या आठवड्यात इंटर्नशिपचे दोन पूर्ण दिवस आधीच झाले असतील तर मर्यादा सहज ओलांडली जाते.

इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. इंटर्नशिप तुमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे का? पगारी आहे का? संस्था खरोखर नोंदणीकृत चॅरिटी आहे, की चॅरिटीसाठी काम करणारी खाजगी इव्हेंट एजन्सी? अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या, एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या प्लेसमेंटला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. चॅरिटीसाठी फक्त खर्च घेऊन राबणाऱ्यालाही नाही. पण नफ्यासाठी चालणाऱ्या एजन्सीने तुमच्याकडून कामगारासारखं काम करून घ्यायचं आणि त्याला स्वयंसेवा म्हणायचं, हे चालत नाही. आणि तुम्ही पगारी इंटर्न असाल, बॉल हेच तुमच्या टीमचं काम असेल, तर ती रात्रही कामाचीच आहे. तिचे पैसे किंवा बदली सुट्टी मागण्यात काही वावगं नाही.

मी तुमच्या जागी असते तर मॅनेजरला साधी मेल टाकली असती: “बॉलच्या दिवशीचे माझे तास इंटर्नशिपमध्ये धरायचे की स्वतंत्र? माझ्या व्हिसाला तासांची मर्यादा आहे, म्हणून लेखी कळवाल का?” एवढंच. कुणी वाईट मानत नाही. उलट, हे न विचारता कामाला लागणाऱ्या इंटर्नची मला जास्त काळजी वाटते. उत्तर आलं की ते विद्यापीठाच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला दाखवा. त्यांना या बाबतीतले बारकावे रोजचे असतात आणि सल्ला फुकट मिळतो. त्या मेलचं उत्तरच कुणी देत नसेल, तर त्या रात्री जाऊ नका. व्हिसा एका बॉलपेक्षा मोठा आहे.

आता दुसरा प्रश्न, कारण खरं शिकायला मिळतं ते इथे.

बाहेरून बॉल म्हणजे झुंबरं, शॅम्पेन आणि बँड. आतून तो पैसे मागण्याचा कार्यक्रम आहे, आणि सगळं वेळापत्रक त्या एका मागण्याभोवती बांधलेलं असतं. सातला स्वागताचं पेय. पावणेआठला जेवणाची हाक. सगळे बसेपर्यंत सव्वाआठ. पहिली डिश, स्वागताचे दोन शब्द, मुख्य जेवण. मग दिवे मंद होतात आणि संस्थेच्या कामाची तीन-चार मिनिटांची फिल्म लागते. फिल्म संपते त्या क्षणी देणग्यांचं आवाहन. मागोमाग लिलाव. गोड पदार्थ, रॅफल (तिकिटांची सोडत), मग बँड. निमंत्रणपत्रिकेवर शेवटी ‘कॅरेजेस’ असं लिहून जी वेळ छापलेली असते, ती पाहुण्यांनी निघायची. यात आवाहन आणि लिलावाचा पाऊण तास हा रात्रीचा गाभा. पोट भरलेलं असतं, मन हललेलं असतं आणि वाईन अजून डोक्यात गेलेली नसते. अनुभवी टीम त्या पाऊण तासासाठी स्वयंपाकघराशीही मिनिटामिनिटाचं बोलून ठेवते, कारण मुख्य जेवण वीस मिनिटं उशिरा आलं तर लिलावापर्यंत अर्धा हॉल गप्पांत रंगलेला असतो.

आकड्यांत सांगते. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा ४० टेबलं, प्रत्येकी १० माणसं, टेबलाचे २,५०० पौंड. जमा झाले १ लाख. हॉटेल, जेवण, वाईन, ध्वनी-प्रकाश, बँड, फुलं, छपाई मिळून माणशी १८० पौंड धरले तर ४०० माणसांचे ७२,००० गेले. उरले २८,०००. एवढ्यासाठी कुणी सहा-आठ महिने राबत नाही. तिकिटाच्या पैशात हॉल आणि जेवण निघतं. रुग्णालयासाठी, शाळेसाठी, संशोधनासाठी जो पैसा हवा असतो तो त्या पाऊण तासात यायचा असतो. तुमच्या चॅरिटीचे खरे आकडे कार्यक्रमाआधी मॅनेजरला विचारा. ते पाहिल्याशिवाय बॉल बघितला तर फक्त सजावट दिसते.

म्हणून माझा सल्ला: दारावर हसतमुखाने स्वागत करायचं काम मिळालं तर जरूर करा, पण आवाहन-लिलावाच्या वेळी नोंदी घेणाऱ्यांत तुम्हाला ठेवायला सांगा. इथे त्यांना स्पॉटर किंवा क्लार्क म्हणतात. इंटर्न ही जागा सहसा मागत नाहीत. सगळ्यांना सेलिब्रिटी कुठल्या टेबलावर बसणार याची उत्सुकता असते. पण त्या रात्री ज्याच्या हातातल्या कागदावरून पैसे वसूल होतात, तो माणूस टीमच्या लक्षात राहतो.

आवाहन कसं चालतं ते बघा. निवेदक वरच्या रकमेपासून खाली येतो. आधी १०,००० पौंड कोण देणार, मग ५,०००, मग १,०००, ५००, शेवटी १००. लोक नंबर लिहिलेला पॅडल (हातात धरायची छोटी पाटी) वर करतात. वरच्या रकमांना हात मोजकेच असतात आणि त्यांतले काही आधीच ठरलेले असतात. खाली आल्यावर मात्र एकदम चाळीस-पन्नास पॅडल वर जातात, आणि निवेदक तर पुढे निघालेलाच असतो. तुम्ही हॉलच्या एका पट्ट्याला जबाबदार असता. पॅडलचा आकडा आणि रक्कम लिहायची, बाकी काही नाही. ६ आणि ९ खाली रेघ नसेल तर उलटे वाचले जातात, १ आणि ७ घाईत सारखे दिसतात. म्हणून पॅडल छापतानाच रेघ आहे का ते आदल्या दिवशी बघून घ्या, आणि नंबरापुढे टेबल क्रमांकही टिपा. मी प्रत्येक पट्ट्याला दोन माणसं ठेवते, दोघांचे स्वतंत्र कागद, आणि बँड सुरू होताच दोन्ही कागद शेजारी ठेवून ताळा करायचा. जिथे फरक पडतो तिथे त्याच रात्री त्या टेबलावर जाऊन नम्रपणे विचारायचं. दुसऱ्या दिवशी फोन करून “तुम्ही पाचशे म्हणाला होतात की हजार?” असं विचारणं फार अवघड जातं.

लिलावात हातोडा पडला की लगेच त्या टेबलाकडे जायचं. धावायचं नाही, पण रेंगाळायचंही नाही. बोली जिंकणाऱ्याच्या खुर्चीशेजारी थोडं वाकून, त्याच्या कानाच्या पातळीवर येऊन अभिनंदन करायचं, क्लिपबोर्ड पुढे करायचा: लॉट (लिलावाला ठेवलेली वस्तू) क्रमांक, रक्कम, नाव, सही, फोन. हे सगळं पुढच्या लॉटची बोली रंगायच्या आत. हात कुणी वर केला होता आणि पैसे कोण देणार, या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. कंपनीने घेतलेल्या टेबलावर तर हमखास. सही घेताना “बिल कुणाच्या नावाने करू?” हा प्रश्न विचारला की पुढचा आठवडाभराचा पत्रव्यवहार वाचतो.

आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येक इंटर्नला आवर्जून सांगते: हरलेल्याचंही नाव लिहा. शेवटपर्यंत टिकून जो एका बोलीने मागे राहिला, त्याचा टेबल क्रमांक आणि शेवटची रक्कम टिपून ठेवा. लॉट एखाद्या शेफच्या घरगुती जेवणाचा किंवा कुणाच्या सुट्टीतल्या घराचा असेल, तर देणाऱ्याला विचारून तोच लॉट दुसऱ्यांदा देता येतो, आणि दुसऱ्या माणसाने त्याच्या शेवटच्या बोलीला तो घेतला तर त्या लॉटमधून चॅरिटीला जवळजवळ दुप्पट पैसे मिळतात. लिलावकर्ता स्टेजवरून हे करायला बघत असतो, पण समोरच्या दिव्यांमुळे त्याला मागची टेबलं नीट दिसत नाहीत. त्याला लागणारी माहिती तुमच्या कागदावर असली पाहिजे.

आता गिफ्ट एड, कारण तुमच्या टेबलावरून जाणारा हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या माणसाने चॅरिटीला दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार चॅरिटीला आणखी २५ पेन्स देतं. मात्र त्यासाठी देणगीदाराचं घोषणापत्र लागतं, त्यावर पूर्ण नाव आणि घरचा पत्ता. घराचा नंबर आणि पोस्टकोड नसेल तर तो फॉर्म कामाचा नाही. १,००० पौंडांच्या देणगीमागे २५० पौंड केवळ पोस्टकोड लिहून घेतला नाही म्हणून जातात. तुम्ही कोल्हापुरात किंवा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पावती फाडायला बसला असाल तर हे काम तुम्हाला येतंच: माणूस पैसे देऊन निघालेला असतो, आणि तेवढ्यात नाव-पत्ता नीट विचारून घ्यायचा. फरक एवढाच की इथे अर्धवट पावतीची किंमत चौथ्या हिश्श्याची असते.

गिफ्ट एड कशावर मिळतं हेही माहीत असू द्या, कारण पाहुणे नक्की विचारतात. जेवणाच्या तिकिटावर नाही, कारण त्याबदल्यात जेवण मिळालं. रॅफलच्या तिकिटावर नाही. लिलावात वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर मिळू शकतं, पण तो बाजारभाव बोली लावणाऱ्याला आधी माहीत असायला हवा. म्हणजे ६०० पौंडांचा हॉटेलमधला वीकेंड, किंमत कॅटलॉगमध्ये छापलेली, आणि कुणी १,००० ला घेतला, तर ४०० वर. पाकिटात घालून दिलेल्या निखळ देणगीवर अर्थातच पूर्ण. शंका आली तर “आमच्या फायनान्स टीमकडून तुम्हाला नक्की सांगते” म्हणा. अंदाजाने हो म्हणू नका.

रॅफलबद्दल थोडंच. कार्यक्रमातच विकली जाणारी तिकिटं २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टनुसार परवाना किंवा नोंदणीशिवाय चालतात, पण ती कार्यक्रमाच्या जागीच आणि कार्यक्रम चालू असतानाच विकायची. जमलेल्या पैशातून बक्षिसांसाठी ५०० पौंडांपेक्षा आणि खर्चासाठी १०० पौंडांपेक्षा जास्त काढता येत नाही. दान मिळालेल्या बक्षिसांना अशी मर्यादा नाही. कुणी उत्साहाने म्हणालं, “आधीच ऑफिसात आणि कॉलेजात तिकिटं खपवू या,” तर थांबवा. त्याला स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी लागते. रोख पैसे आले तर ते एकटीने मोजायचे नाहीत आणि एकटीने कुठे न्यायचेही नाहीत. दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची, पिशवी सीलबंद.

कार्ड मशीनबद्दल मात्र आग्रहाने सांगते. लंडनमधले बरेच मोठे बॉलरूम जमिनीखाली आहेत. पार्क लेनवरच्या ग्रॉव्हनर हाऊस हॉटेलची ग्रेट रूम घ्या: हॉटेल १९२९ साली उघडलं तेव्हा तिथे बर्फावर स्केटिंग चालायचं, म्हणून ती एवढी प्रशस्त आणि खोल आहे; आत गेल्यावर जिन्याने खाली उतरावं लागतं. अशा जागी मोबाइलची रेंज भरवशाची नसते, आणि दुपारी रिकाम्या हॉलमध्ये सुरळीत चालणारं वायफाय रात्री चारशे फोन आत आले की मान टाकतं. दुपारी सजावट चालू असताना प्रत्येक मशीन हातात घेऊन हॉलच्या चारही कोपऱ्यांत एक-एक पौंडाचा व्यवहार करून बघा आणि कुठलं मशीन कुठे चाललं नाही ते लिहून मॅनेजरला द्या. हे काम कुणी तुम्हाला सांगणार नाही. स्वतःहून करा. टीमच्या डोक्यावरचा केवढा भार त्याने उतरतो ते तुम्हाला त्या रात्रीच कळेल.

गेस्ट लिस्ट हा जबाबदारीचा कागद आहे. त्यावर कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोण व्हीलचेअरवर आहे, कोण कुणाशेजारी बसायला तयार नाही, असं सगळं असतं. तब्येतीची माहिती इथल्या कायद्यात विशेष जपायच्या माहितीत मोडते. कागद टेबलावर सोडू नका, त्याचा फोटो स्वतःच्या फोनवर काढू नका, रात्री मोजून परत द्या. जेवणाबद्दल कुणी विचारलं तर स्वतः उत्तर देऊ नका. ब्रिटनच्या नियमांत १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे, आणि सॉसमध्ये काय आहे ते स्वयंपाकघरालाच माहीत. “एक मिनिट, मी विचारून येते” म्हणून थेट बँक्वेट मॅनेजरकडे (हॉटेलात मेजवानीची व्यवस्था बघणाऱ्याकडे) जायचं, आणि उत्तर घेऊन स्वतः परत यायचं. तुमच्या स्वतःच्या जेवणाचंही आधी सांगा. क्रूचं जेवण संध्याकाळी पाच-साडेपाचला पटकन उरकतात, आणि शाकाहारी आहात किंवा त्या दिवशी चतुर्थी आहे हे आयत्या वेळी सांगितलं तर चिप्सवर रात्र काढावी लागेल.

पैठणीचं. पाहुणी म्हणून गेलात तर खुशाल नेसा. ब्लॅक टायच्या कार्यक्रमांत पारंपरिक पोशाखाला मान असतो. १८४० च्या दशकात सुरू झालेल्या रॉयल कॅलेडोनियन बॉलला तर स्कॉटिश मंडळी आजही किल्ट घालूनच येतात. पण काम करताना नको. तुम्हाला दिवसभरात कितीदा तरी जिना चढायचा-उतरायचाय, कमरेला वॉकी-टॉकी लावायचाय, टेबलांमधल्या चिंचोळ्या जागेतून क्लिपबोर्ड घेऊन निघायचंय. टीमला बहुतेक काळे कपडे सांगतात ते पाहुण्यांना मदतीचं माणूस चटकन ओळखू यावं म्हणून. काळा साधा कुर्ता-पँट चालेल का, हे विचारून बघा. बहुतेक ठिकाणी चालतो. बूट सपाट, आणि आधी पायात रुळलेले. दुपारच्या मांडणीसाठी वेगळे कपडे न्या.

आता जरा गंभीर. २०१८ च्या जानेवारीत लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात प्रेसिडेंट्स क्लबचं फक्त पुरुषांसाठी असलेलं चॅरिटी डिनर झालं. तिथे कामाला ठेवलेल्या तरुण मुलींशी पाहुण्यांनी केलेलं गैरवर्तन ‘फायनान्शियल टाइम्स’च्या बातमीदाराने स्वतः तिथे काम करून उघड केलं. मुलींना काय घालायचं हे ठरवून दिलेलं होतं आणि गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. काही दिवसांत ती संस्था बंद करायचा निर्णय झाला, आणि ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयाच्या चॅरिटीने त्यांच्या देणग्या परत करायचं जाहीर केलं. हे मी घाबरवायला सांगत नाही. बहुतेक बॉल सभ्य असतात. पण ‘चांगल्या कामासाठी आहे, जरा सहन कर’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तर ते मान्य करू नका. ब्रीफिंगमध्येच विचारा: काही त्रास झाला तर कुणाकडे जायचं, त्यांचा वॉकी-टॉकी चॅनेल कुठला? पाहुण्याच्या टेबलावर बसू नका, ड्यूटीवर दारू घेऊ नका, वरच्या खोल्यांतल्या पार्टीचं निमंत्रण स्वीकारू नका. एखादं टेबल नकोसं वाटलं तर सहकाऱ्याला बदलून घ्यायला सांगा. माझ्या टीममध्ये त्याला कारण विचारत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून इथल्या मालकांवर लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावलं उचलण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. पण ती कर्मचाऱ्यांच्या बाबतीत. निव्वळ स्वयंसेवकाला तेवढं संरक्षण मिळेलच असं नाही. तुमचं त्या रात्रीचं नातं लेखी असावं म्हणते ते या कारणासाठीही.

परतीचा प्रवासही त्याच मेलमध्ये विचारा. बॉल बऱ्याचदा गुरुवारी असतात आणि रात्रभर चालणारी ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) फक्त शुक्रवार-शनिवारी, तीही ठरावीक मार्गांवर. आवराआवर संपेपर्यंत दीड वाजला तर घरी कसं जायचं? टॅक्सीचा खर्च देणं हे आयोजकांचं काम आहे, आणि ते आधी मागायचं असतं.

ओळखींबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंय. त्या रात्री पाहुण्यांशी ओळखी वाढवायला जाऊ नका. गेस्ट लिस्टवरून नाव शोधून लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवणं तर अजिबात नको. तो त्या यादीचा गैरवापर आहे. तुमच्या कामाची माणसं स्टेजच्या मागे असतात: हॉटेलचा बँक्वेट मॅनेजर, ध्वनी-प्रकाशवाले, लिलावकर्त्याचा सहाय्यक, फुलांचं बघणारी, दुसऱ्या चॅरिटीतून मदतीला आलेली, निधी उभारणारी फंडरेझर. ही मंडळी वर्षभर अशाच कार्यक्रमांत असतात आणि कुठे माणूस हवाय हे त्यांना जाहिरातीच्या आधी कळतं. दुपारी तीन ते सहाच्या मांडणीत त्यांच्याशी बोलायला वेळ मिळतो. त्यांचं काम कसं चालतं ते विचारा. नाव लक्षात ठेवा. एवढं पुरतं.

सीव्हीत ‘चॅरिटी बॉलमध्ये स्वयंसेवक’ असं लिहिलंत तर वाचणारा पुढे जाईल. ‘४०० पाहुण्यांच्या बॉलमध्ये लाइव्ह लिलावाच्या नोंदी, विजेत्यांच्या सह्या आणि गिफ्ट एड फॉर्मचं काम सांभाळलं’ असं लिहिलंत, आणि ते खरं असलं, तर मुलाखतीत पुढचे तीन प्रश्न त्याच्यावरच येतात. मी स्वतः घेते त्या मुलाखतींत हेच विचारते: जिंकलेल्याने नंतर नकार दिला तर काय केलंत? दोन कागदांतला फरक कसा मिटवलात? त्याची उत्तरं पुस्तकातून येत नाहीत.

थोडक्यात तुमच्या चार प्रश्नांची उत्तरं: नातं लेखी ठरलं असेल तरच जा, पाहुण्यांऐवजी काम करणाऱ्यांशी ओळख वाढवा, पैठणी पुढच्या वेळेसाठी ठेवा, आणि सीव्हीत उपयोग होतो, नोंदी आणि पैशाच्या जागी उभ्या राहिलात तर भरपूर.

राहिलं एक. दुसऱ्या दिवशी सकाळी दमलेल्या असाल, तरी शक्य असेल तर ऑफिसला जा. आधी तेही तास मेलमध्ये ठरवून घ्या. रात्रीच्या कागदांचा ताळा, न भरलेल्या पैशांची यादी, आभाराची पत्रं हे सगळं त्या दोन-तीन दिवसांत होतं, आणि तुमचं अक्षर तुमच्याइतकं चांगलं कुणाला वाचता येणार? त्या वेळी मॅनेजरला विचारा, की एकूण जमा किती, खर्च जाऊन उरले किती, आणि बोललेल्या रकमांपैकी प्रत्यक्ष आले किती. शिफारसपत्र मात्र त्या आठवड्यात मागू नका. दोन-तीन आठवड्यांनी बहुतेक पैसे खात्यात आले की मागा, आणि मागताना तुम्ही कुठलं काम केलंत ते दोन ओळींत लिहून द्या, म्हणजे पत्रात ते नेमकं येईल.